पुसलेली मूठ

1937 मध्ये स्पेनमधल्या गेर्निका या गावावर टाकलेल्या बॉम्बवरचं पिकासोचं चित्र म्हणजे ‘गेर्निका’. त्याच्यासमोर माणसं उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातला बैल म्हणजे कोण? उत्तरंही तयार असतात. बैल म्हणजे फॅसिझम, घोडा म्हणजे जनता, हातातला दिवा म्हणजे सत्य, विजेचा बल्ब म्हणजे बॉम्ब, मोडकी तलवार म्हणजे पराभव आणि तिच्याशेजारचं फूल म्हणजे आशा. पाच मिनिटांत चित्र ‘कळतं’. एकदा कळलं की शब्दकोडं सुटल्यावर पेपर बाजूला सारावा तसं तेही बाजूला पडतं.

ही यादी पूर्ण चुकीची आहे असं नाही, पण ती पळवाट आहे. युद्धविरोधी चित्राला विचारायचे प्रश्न निराळे असतात. चित्रकाराने काय ठेवलं? काय पुसलं? चेहरा कोणाला दिला? आणि बघणाऱ्याला कोणाच्या बाजूला उभं केलं? चित्राची नैतिकता या निर्णयांत असते, प्रतीकांच्या अर्थात नसते. हे प्रश्न लावून पाहिले तर खुद्द ‘गेर्निका’ही सगळ्या कसोट्यांना उतरत नाही, असं माझं मत आहे. चित्र थोर आहे, यात वाद नाही. पण त्याचा थोरपणा आपण चुकीच्या जागी शोधतो, आणि त्यामुळे त्याची उणीवही आपल्या नजरेतून निसटते.

आधी यादीचा निकाल लावू. 1945 च्या एका मुलाखतीत पिकासोने स्वतः सांगितलं की बैल म्हणजे फॅसिझम नव्हे, तो क्रौर्य आणि अंधार आहे. घोडा मात्र जनता आहे. दोनच वर्षांनी त्याचा सूर बदलला: बैल हा बैल आहे, घोडा हा घोडा आहे, बाकीचं बघणाऱ्यांनी बघावं. चित्रकाराचंच एक मत टिकत नसेल तर आपल्या यादीवर किती भिस्त ठेवायची? त्याहून मोठी अडचण तारखांची आहे. बैल, जखमी घोडा, उजेड धरणारी आकृती, खिडकीतून पाहणाऱ्या बाया ही सगळी मंडळी पिकासोच्या 1935 मधल्या ‘मिनोटॉरोमॅकी’ या एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रात, आधीच हजर आहेत. तेव्हा स्पेनमधलं यादवी युद्ध सुरूही झालं नव्हतं. बॉम्बहल्ल्याच्या दोन वर्षं आधी जन्मलेला बैल त्या बॉम्बहल्ल्याचं सांकेतिक नाव कसा असेल?

यातून एक टोचणारा प्रश्न निघतो, आणि तो टाळू नये. हा माणूस आपल्या खाजगी कपाटातली जुनी प्रतीकं काढून परक्यांच्या मरणावर चढवतो आहे का? मला वाटतं, सुरुवात तशीच झाली. स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने 1937 च्या जानेवारीत पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातल्या आपल्या दालनासाठी त्याच्याकडे मोठं भित्तिचित्र मागितलं. एप्रिलपर्यंत त्याच्या वहीत जे चाललं होतं त्यात युद्ध जवळपास नव्हतंच. विषय होता चित्रकाराचा स्टुडिओ. मग 26 एप्रिल आला, गेर्निकावर बॉम्ब पडले. पहिली रेखाटनं 1 मेची, मोठ्या कॅनव्हासवर काम 11 मेच्या सुमारास सुरू, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चित्र पूर्ण. सुमारे 45 पूर्वरेखाटनं आणि तीन मीटर 49 सेंटिमीटर उंच, सात मीटर 77 सेंटिमीटर रुंद असा कॅनव्हास, हे सगळं पाच आठवड्यांत. इतक्या घाईत माणूस हाताशी असलेलंच सामान वापरतो. मात्र त्या सामानाचं पुढे काय झालं ते पाहायला हवं. 1935 च्या मुलीच्या हातात मेणबत्ती शांत होती. इथली बाई अख्खा हात खिडकीतून बाहेर झोकून दिवा पुढे करते. त्या एचिंगमध्ये नरवृषभ चालून येत होता. इथला बैल कोणावरही धावून जात नाही, मान वळवून उभा आहे. अख्ख्या चित्रात जखम नसलेला प्राणी तो एकटाच. त्याला खलनायक ठरवणाऱ्यांनी तो नेमका काय करतो आहे हे सांगावं. तो काहीच करत नाही, आणि या चित्रातली अस्वस्थ करणारी गोष्ट बहुधा हीच आहे.

आता जवळून पाहू. डावीकडून सुरुवात करा. बैलाच्या गळ्याखाली बाई, तिच्या मांडीवर मेलेलं मूल. मुलाच्या डोळ्यांत बुबुळं नाहीत, मान मागे लोंबते आहे. आईचे डोळे अश्रूंच्या आकाराचे, आणि उघड्या तोंडातली जीभ सुऱ्यासारखी टोकदार. तशीच जीभ मधल्या घोड्याच्या तोंडात. चित्रात आवाज नसतो, पण ही टोकं कानात घुसतात. आता घोड्याचं अंग पाहा: आखूड, उभ्या, काळ्या रेघांच्या ओळी, लांबून छापील मजकुरासारख्या. पिकासोला ही बातमी पॅरिसमध्ये वर्तमानपत्रांतून कळली होती. चित्राचा काळा-पांढरा-करडा रंगही वर्तमानपत्राचा, आणि वृत्तचित्रांचाही. बैल आणि घोड्याच्या मधे, काळोखात, टेबलावर एक पक्षी चोच वर करून ओरडतो आहे. छापील प्रतींत तो बहुतेक वेळा दिसतच नाही. खाली जमिनीवर पडलेला योद्धा. त्याची मान कापलेली आणि आतून पोकळ, जशी प्लास्टरच्या पुतळ्याची असते. पडला आहे तो माणूस की स्मारक? वीरांचे पुतळे उभारणाऱ्या परंपरेवर इतका शांत शेरा चित्रात क्वचितच कोणी मारला असेल.

उजेड कुठून येतो तेही तपासा. वर डोळ्याच्या आकाराच्या झुंबरात विजेचा बल्ब आहे, त्याच्या शेजारीच तेलाचा दिवा आहे, उजव्या टोकाला घर जळतं आहे. तीन उजेड, पण पडलेली प्रकाशाची पाती आणि सावल्या यांपैकी एकालाही धरून नाहीत. जागेचंही तेच. खाली फरशीच्या रेघा आहेत म्हणून वाटतं खोली आहे. उजवीकडे कौलं दिसतात म्हणून वाटतं रस्ता आहे. अगदी उजव्या कडेला दाराचं फळकूट अर्धवट उघडं. घराचं आत आणि बाहेर उरलेलं नाही. भिंत उडाल्यावर हेच होतं. स्पॅनिशमध्ये बल्बला ‘बोंबिया’ आणि बॉम्बला ‘बोंबा’ म्हणतात, ही कोटी खरी असू शकेल. पण बल्ब म्हणजे बॉम्ब असं लिहून पुढे सरकलात तर उजेडाचा हा सगळा घोटाळा नजरेआड जातो.

घोड्याच्या नाकपुडीत कवटी दिसते, गुडघ्यात दुसरा चेहरा दिसतो, असले शोधही नेहमी लागत असतात. ढगांतही चेहरे दिसतात.

अर्थाच्या यादीपेक्षा मोलाचा पुरावा आपल्याकडे आहे. छायाचित्रकार डोरा मारने हे चित्र घडत असताना टप्प्याटप्प्याने त्याची छायाचित्रं काढली. मोठ्या चित्राच्या इतक्या पायऱ्या क्वचितच जपल्या गेल्या असतील. पहिल्या छायाचित्रात मधोमध, पडलेल्या योद्ध्याचा हात सरळ वर गेलेला आहे आणि मूठ आवळलेली आहे. पुढच्या टप्प्यात त्या मुठीत धान्याची ताटं येतात, मागे सूर्याचं मोठं वर्तुळ. मग मूठ जाते. सूर्य चपटा होत होत डोळा होतो आणि शेवटी त्यात बल्ब बसतो. घोड्याचं डोकं आधी खाली वाकलेलं होतं. ते वर उचललं जातं आणि मुठीने मोकळ्या केलेल्या जागेजवळ येऊन किंचाळतं. मधल्या काळात नक्षीच्या भिंतकागदाचे तुकडेही त्याने कॅनव्हासवर लावून पाहिले आणि काढून टाकले.

1937 मध्ये आवळलेली मूठ ही प्रजासत्ताकवाद्यांची सलामी होती. ज्यांनी चित्र मागवलं त्यांचीच खूण. ती ठेवली असती तर यजमान खूश झाले असते, पोस्टर झकास झालं असतं. त्याच दालनात ओरासियो फेर्रेरचं ‘माद्रिद 1937’ हे चित्र होतं, ‘काळी विमानं’ या नावानेही ते ओळखलं जातं. त्यात आकाशाकडे पाहणाऱ्या, मुलांना कवटाळणाऱ्या बायका वास्तववादी शैलीत आहेत, एकीची मूठ वर. तेव्हाच्या प्रेक्षकांना ते चटकन भिडलं. डाव्या गोटातल्या अनेकांना ‘गेर्निका’ धूसर आणि निरुपयोगी वाटलं. त्यांचा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. युद्ध हरत चाललेल्या सरकारला चित्राकडून मदत हवी होती, कोडं नको होतं.

तरीही पिकासोचा निर्णय बरोबर होता. वर गेलेली मूठ मेलेल्याला विजयी करते. ‘आम्ही मेलो, पण हरलो नाही’ असं ती म्हणते, आणि बघणारा सुटकेचा श्वास सोडतो. 26 एप्रिलच्या त्या सोमवारी गेर्निकाच्या बाजाराला आलेल्या बायकांना कोणताही विजय मिळाला नव्हता. त्यांच्या तोंडी घोषणा घालणं म्हणजे त्यांचं मरण दुसऱ्यांदा वापरणं. मूठ पुसण्यात एक प्रामाणिकपणा आहे, जो कोणत्याही प्रतीकापेक्षा मला मोठा वाटतो. धान्य गेलं, सूर्य गेला. मोडक्या तलवारीजवळ एक फूल तेवढं राहिलं, तेही इतकं फिक्या रेषेत की आशेचा एवढा डोलारा त्यावर उभा करू नये.

इथवर चित्राची बाजू झाली. उणीव कुठे आहे?

चित्रात भाला आहे, तलवार आहे, बाणाचं टोक आहे. विमान नाही, बॉम्ब नाही, गणवेश नाही. म्हणजे मरणारे सगळे आहेत, मारणारा एकही नाही. 26 एप्रिल 1937 ला दुपारी साडेचारच्या सुमारास जर्मनीच्या कोंडोर लीजन या हवाई तुकडीची आणि इटलीची विमानं प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या वतीने बास्क प्रदेशातल्या गेर्निकावर आली. सुमारे तीन तास स्फोटक आणि आगलावे बॉम्ब पडत राहिले, पळणाऱ्यांवर खाली झेपावणाऱ्या विमानांतून मशीनगन चालल्या. गावाचा बहुतांश भाग जळाला. नदीवरचा पूल आणि शस्त्रांचा कारखाना मात्र शाबूत राहिला. बास्क सरकारने मृतांचा आकडा 1,654 सांगितला. नंतरच्या इतिहासकारांनी तो बराच खाली, काहीशेंवर आणला. यातलं काहीही कॅनव्हासवर नाही. युद्ध म्हणजे जणू भूकंप, वरून कोसळलेली आपत्ती.

यावर बचाव असा केला जातो की म्हणूनच चित्र ‘वैश्विक’ झालं. हा बचाव मला अर्धाच पटतो. वैश्विक होण्याची किंमत गुन्हेगाराला वगळून चुकवली असेल तर तो सौदा कोणाच्या फायद्याचा? पण दुसरी अर्धी बाजूही सांगायला हवी. 1937 मध्ये नाव पुरेसं होतं. फ्रँकोच्या गोटाने हल्ल्यानंतर लगेच कांगावा सुरू केला की माघार घेताना बास्क लोकांनीच गाव पेटवलं. जॉर्ज स्टीर या पत्रकाराने जर्मन गरुडाचा शिक्का असलेले आगलावे बॉम्ब पाहिल्याचं 28 एप्रिलला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आणलं, आणि वाद पेटला. अशा वेळी नाझी जर्मनीच्या भव्य दालनापासून चार पावलांवर, एका मोठ्या भिंतीवर त्या गावाचं नाव लावणं हाच आरोप होता. चित्रातला मारेकरी शीर्षकात होता. शीर्षक काढून घेतलं की मारेकरी पळून जातो, आणि पुढच्या काळात नेमकं तेच घडत गेलं.

हा धोका एकट्या पिकासोचा नाही. रशियन चित्रकार वसिली वेरेश्चागिनचं 1871 मधलं ‘युद्धाचं देवत्व’ घ्या. ओसाड माळावर कवट्यांचा ढीग, वर कावळे, मागे उद्ध्वस्त शहर. चौकटीवर अर्पणपत्रिका: होऊन गेलेल्या, आजच्या आणि येणाऱ्या सर्व थोर जेत्यांना. वेरेश्चागिन रशियाच्या मध्य आशियातल्या तुर्कस्तान मोहिमेत स्वतः लढला होता, समरकंदच्या बचावाबद्दल त्याला शौर्यपदक मिळालं होतं. ‘आजच्या’ या शब्दात झार बसतो, हे उघड आहे. पण ढीग पाहणाऱ्याला आठवतो तैमूर. कवट्यांचे मनोरे रचण्याची कीर्ती त्याची. रशियन अधिकारी त्यासमोर बिनदिक्कत उभा राहू शकत होता. त्याच मालिकेतलं ‘विसरलेला’ हे चित्र याच्या उलट. त्यात एकच मेलेला रशियन सैनिक, पलटणीने मागे टाकलेला, आणि त्याच्याभोवती गिधाडं. त्यावर तुर्कस्तानचा सेनापती कौफमान भडकला, ही आमच्या सैन्याची बदनामी आहे म्हणाला, आणि वेरेश्चागिनने 1874 मध्ये ते चित्र आणखी दोन चित्रांबरोबर जाळून टाकलं. कवट्यांचा ढीग आजही मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. शेकडो कवट्या चालल्या, एक प्रेत चाललं नाही. सर्वसाधारण दुःख सत्तेला सोसतं. नेमकं दुःख सोसत नाही.

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘युद्धाच्या आपत्ती’ या 82 एचिंगच्या मालिकेत हा नेमकेपणा हाडापर्यंत जातो. दुसऱ्या पाटीवर फ्रेंच सैनिक संगिनी रोखून स्पॅनिश लोकांवर तुटून पडलेले आहेत. खाली शब्द आहेत ‘सकारण वा विनाकारण’. पान उलटा. तिसऱ्या पाटीवर स्पॅनिश माणसाने पडलेल्या फ्रेंच सैनिकावर कुऱ्हाड उगारली आहे. खाली एवढंच: ‘तेच’. आपल्या देशावर परकी आक्रमण चालू असताना, आपल्याच माणसाच्या हातातली कुऱ्हाड दाखवून ‘तेच’ म्हणायला किती छाती लागते याचा विचार करा. ही मालिका गोयाच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. तो 1828 मध्ये वारला, पहिली आवृत्ती निघाली 1863 मध्ये. याउलट 1814 मधलं ‘3 मे 1808’ हे त्याचं प्रसिद्ध तैलचित्र सरकारी आश्रयाने, फ्रेंच निघून गेल्यावर झालं. ते अप्रतिम आहे. पांढऱ्या सदऱ्यातला तो माणूस हात पसरून उभा नाही, गुडघ्यावर आहे. उठला तर चौकटीतल्या सगळ्यांपेक्षा उंच भरेल. ‘गेर्निका’च्या उजव्या टोकाची जळणारी बाई त्याचेच हात उसने घेऊन आली आहे. पण त्या चित्रात स्पॅनिश माणूस फक्त हुतात्मा आहे आणि फ्रेंच सैनिकांना चेहरेच नाहीत. स्मारकाला ते चालतं. ‘तेच’ म्हणणारी पाटी स्मारकात बसत नाही.

जर्मन चित्रकार कॅथे कोलविट्झने हा हिशेब स्वतःच्या घरात मांडला. तिचा मुलगा पीटर 1914 च्या ऑक्टोबरमध्ये मारला गेला. तो अल्पवयीन होता, भरती व्हायला घरची परवानगी लागत होती, आणि नवरा राजी नसताना त्याचं मन वळवणारी तीच होती. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या ‘युद्ध’ या सात लाकूडठशांच्या मालिकेत पहिलाच ठसा ‘आहुती’: आई आपलं तान्हं बाळ दोन्ही हातांनी पुढे धरते आहे. कोणी ओढून नेलेलं नाही, ती देते आहे. प्रत्येक युद्धात अशा आया असतात, आणि त्यांना बिचाऱ्या म्हणून चितारणं सोपं असतं. ‘गेर्निका’त जिवंत माणसं चार, चारही बायका, आणि दिवेवाली सोडली तर सगळ्या केवळ सोसणाऱ्या. गावात बाजार होता, पुरुष बरेचसे आघाडीवर, म्हणून हे वस्तुस्थितीला धरून आहे असं म्हणता येईल. तरीही बाईला दुःखाचं भांडं करून ठेवण्याची जुनी सवय यात आहे, हा स्त्रीवादी समीक्षेचा आक्षेप मला खोडता येत नाही.

सर्वांत पुढे गेले ते माझ्या मते इरी आणि तोशी मारुकी हे जपानी चित्रकार दांपत्य. हिरोशिमावरची त्यांची पटचित्रं 1950 पासून 1982 पर्यंत चालली: एकूण पंधरा, प्रत्येक 1.8 मीटर उंच आणि 7.2 मीटर रुंद, शाईचे ओघळ आणि त्यात देहांची रेषा. सुरुवातीच्या पटांत जपानी माणसं जळतात, पाणी मागतात, तरंगतात. तेवढ्यावर थांबले असते तरी जगाने डोक्यावर घेतलं असतं. 1970 मध्ये ही चित्रं अमेरिकेत फिरली. त्यानंतर 1971 मध्ये त्यांनी हिरोशिमात मेलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांचा पट केला, 1972 मध्ये ‘कावळे’, ज्यात कोरियन मजुरांची प्रेतं उचलायला कोणी नाही आणि कावळे जमले आहेत. मेल्यावरही भेदभाव. 1975 मध्ये त्यांनी चीनमधल्या नानजिंगच्या कत्तलीचं प्रचंड चित्र काढलं, ज्यात मारणारे जपानी आहेत. बळी म्हणून मिळालेली सहानुभूती पणाला लावून आपल्या बाजूचा गुन्हा त्याच कुंचल्याने काढणं, ही माझ्या लेखी युद्धविरोधी चित्राची सर्वांत अवघड पायरी आहे. ‘गेर्निका’ त्या पायरीवर पोहोचत नाही. प्रेक्षक त्यात आपोआप बळींच्या बाजूला उभा राहतो, हात स्वच्छ ठेवून.

आणि स्वच्छ हातांनी ते वापरलंही जातं. कॅनव्हास 1939 मध्ये अमेरिकेला गेला आणि चार दशकं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात राहिला. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी केलेल्या माय लाय हत्याकांडाची छायाचित्रं उजेडात आल्यावर 1970 च्या जानेवारीत काही कलावंतांनी नेमकं याच चित्रासमोर, मेलेल्या बायका-मुलांचं छायाचित्र असलेलं पोस्टर धरून निदर्शनं केली. मुद्दा रास्त होता: 1937 च्या बळींसाठी हळहळणाऱ्या संस्थेला 1968 चे बळी दिसत नाहीत का? याचा दुसरा पैलूही आहे. पोस्टरवरचे मृतदेह खऱ्या, ओळखता येतील अशा माणसांचे होते आणि त्यांची परवानगी कोणी घेऊ शकत नव्हतं. चित्राचा हा एक मोठा फायदा: ते कोणा एकीचा उघडा देह भिंतीवर टांगत नाही. तोटाही तोच, छायाचित्राइतका पुरावा ते देऊ शकत नाही. 1974 मध्ये एकाने कॅनव्हासवर लाल स्प्रेने अक्षरं लिहिली. वर व्हार्निशचा थर होता म्हणून रंग निघाला. कलाकृतीला जाब विचारण्याची ती रीत नव्हे, आणि त्याने कोणाचे डोळे उघडल्याचं दिसलंही नाही.

1990 मध्ये जर्मन सैन्याच्या एका जाहिरातीत हेच चित्र आलं. शत्रूच्या प्रतिमांतून युद्ध जन्मतं अशा अर्थाची ओळ त्यावर होती. बॉम्ब कोणी टाकले होते ते आठवून पाहा. जर्मन लेखक ग्युंटर ग्रासने जाहीर हरकत घेतली ती उगाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेबाहेर 1985 पासून या चित्राची विणलेली प्रत होती. 2003 च्या सुरुवातीला, इराकवरच्या हल्ल्याची बाजू तिथे मांडली जात असताना, तिच्यावर निळा पडदा ओढला गेला. कॅमेऱ्यांना पार्श्वभूमी सोयीची व्हावी, असं कारण देण्यात आलं. या प्रसंगावरून लोक निष्कर्ष काढतात की चित्रात अजून दम आहे, सत्ता त्याला घाबरते. मला उलट वाटतं. अठरा वर्षं त्याच्यासमोरून मुत्सद्दी ये-जा करत होते आणि कोणाचंही काही अडलं नव्हतं. एक दिवस ते टीव्हीच्या चौकटीत येणार होतं, म्हणून झाकलं.

म्हणून चित्र दाखवणाऱ्यांवर, मग ते संग्रहालय असो, पाठ्यपुस्तक असो की शिक्षक, जबाबदारी येते. आकाराचा प्रश्न पहिला. उभ्या धरलेल्या फोनच्या सात सेंटिमीटर रुंदीत हे चित्र साधारण 110 पट लहान होतं. घोड्यावरच्या छापील रेघा करड्या डागात मिसळतात, टेबलावरचा पक्षी नाहीसा होतो, आणि उरतं ते लोगोसारखं काहीतरी. पडद्यावर दाखवायचं असेल तर आधी अख्खं चित्र, मग चार तुकडे: आई आणि मूल, घोड्याचं डोकं आणि बल्ब, योद्ध्याची पोकळ मान, उजवीकडची जळणारी बाई, आणि शेवटी परत अख्खं. भिंतीवरची प्रत असेल तर किमान दोन मीटर रुंदीची असावी. रंग तपासून घ्यावा: बऱ्याच प्रती तपकिरी झाकेच्या येतात. संयुक्त राष्ट्रांतली विणलेली प्रत तर मुळातच तपकिरी आहे, तिच्या छायाचित्राला मूळ चित्र समजू नये. मग डोरा मारची निदान दोन छायाचित्रं, मुठीसहित आणि मुठीविना. पोरांना ‘बैल म्हणजे कोण’ न विचारता ‘मूठ का पुसली असेल’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं, दुसऱ्यावर वर्गात भांडण होतं. शेजारी गोयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पाट्या ठेवल्या तर भांडण आणखी चांगलं होतं.

राहिली चित्राखालची ओळ. ती बहुधा अशी असते: ‘स्पॅनिश यादवी युद्धात गेर्निका गावावर बॉम्बहल्ला झाला, त्याने व्यथित होऊन काढलेलं चित्र.’ आपल्या भाषेत ‘झाला’ हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. हल्ला झाला, गाव उद्ध्वस्त झालं, लोक मृत्युमुखी पडले. तीन वाक्यं आणि कर्ता एकही नाही. चित्रात जे राहून गेलं तेच ओळीतही राहून जातं. त्याऐवजी लिहावं: ‘26 एप्रिल 1937, सोमवार, बाजाराचा दिवस. दुपारी साडेचारच्या सुमारास जर्मन आणि इटालियन वैमानिकांनी फ्रँकोच्या वतीने गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. फ्रँकोच्या गोटाने ते नाकारलं.’ यातला पहिला कर्ता जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी गेर्निकाच्या रहिवाशांना पाठवलेल्या पत्रात मान्य केला तो 1997 मध्ये, साठ वर्षांनी.